मामाच्या फोनला टॉवर का नाही?

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेले होते. तिरोडा तालुक्यात, बोदलकसाच्या तलावापासून जवळच मामाचं घर आहे. ज्यांनी बोदलकसा पाहिलंय त्यांना सांगायला नको. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे तलाव आणि पलीकडे नागझिराचं जंगल. फोटो काढायला एकदम भारी जागा. फोन लावायला मात्र नाही. घरात पाय ठेवल्या ठेवल्या मामीने सांगून टाकलं, "पोरी, फोन लावाचा असंल त पाळीवर जाय, अठी टावर नाही भेटत."

दोन दिवस मला त्याची गंमतच वाटली. तिसऱ्या रात्री आजीला श्वास लागला. मामाने बटनाचा फोन घेतला, अंगणात फिरला, गच्चीवर चढला. एक काडी यायची आणि जायची. शेवटी तो टॉर्च घेऊन तलावाच्या पाळीकडे निघाला. आमच्या भागात रात्री अकरा वाजता त्या रस्त्याने एकटं जाणं म्हणजे काय, हे गोंदिया-भंडाऱ्याच्या पोरांना माहीत आहे. मी तोवर शेजारी धावले. शेजाऱ्यांचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, म्हणून त्यांनी घरी फायबरचं वायफाय घेतलंय. पासवर्ड टाकला आणि माझ्या फोनवर वर 'वायफाय कॉलिंग' असं आलं. तिरोड्याच्या डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी काय करायचं ते सांगितलं, गाडी सांगितली. आजी आता बरी आहे.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. शेजाऱ्याच्या मुलाने आपला फोन काढला. स्मार्टफोन, नऊ हजारांचा, दोन वर्षांपूर्वीचा. घरात वायफाय त्याचंच. तरी त्याच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग हा पर्यायच नव्हता. तो म्हणाला, "ताई, माझ्याच वायफायवरून तुझा फोन लागतो आणि माझा नाही, हे कसं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. पत्रकारितेची पदवी घेतलेल्या माणसाला हे शोभत नाही, म्हणून नागपूरला परत आल्यावर इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मैत्रिणीला पकडलं. तिने फोनचं मॉडेल बघितलं आणि म्हणाली, "मामाच्या फोनमधल्या चिपला हे जमतच नाही. शेजाऱ्याच्या चिपला जमतं, पण त्या मॉडेलसाठी कंपन्यांचं आपसात ठरलेलं नाही." एका अंगणात तीन फोन होते. एकाला चिप नडली, एकाला करार नडला आणि एकाचा फोन लागला. आजचं हे संपादकीय त्या चिपबद्दल आणि त्या करारांबद्दल आहे. आपण टॉवरच्या नावाने बोटं मोडतो, पण गावातला कॉल लागणार की नाही याचा अर्धा निर्णय या दोन गोष्टींवर होतो. आणि त्याबद्दल आपल्याला कुणी विचारत नाही.

आवाजाचं पार्सल

आधी थोडं समजून घेऊ. घाबरू नका, परीक्षेला येणार नाही.

जुन्या लँडलाइनमध्ये तुमच्या आणि समोरच्याच्या मधे एक सलग वाट राखून ठेवलेली असायची. बोला किंवा गप्प बसा, ती वाट तुमचीच. इंटरनेटवरून बोलताना तसं होत नाही. तुमचा आवाज आधी आकड्यांमध्ये बदलला जातो. टेलिफोनच्या साध्या दर्जासाठी सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचं माप घेतात. प्रत्येक माप ८ बिटांचं, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आजच्या ४जी कॉलमध्ये मापं याच्या दुप्पट घेतली जातात आणि तरीही दाबून दाबून ती साधारण १२ ते २४ हजार बिटांत बसवतात. मग २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा पाकिटात भरून पाठवायचा. सेकंदाला ५० पाकिटं. समोरच्या फोनने ती लावून, उघडून, जोडून पुन्हा आवाज करायचा. काही पाकिटं उशिरा येतात, काही हरवतात. तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येऊ नये म्हणून प्रतिध्वनी कापावा लागतो. आणि हे सगळं एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत उरकलं पाहिजे. त्याहून उशीर झाला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

हे काम कोण करतं? चिप. १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने 'इंटरनेट फोन' नावाचं सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा दोन्हीकडे कॉम्प्युटर, मायक्रोफोन आणि भरपूर धीर लागायचा. घरातल्या साध्या फोनसारखं इंटरनेटवरून बोलता यावं यासाठी आवाजाचं गणित वेगाने करणारी स्वस्त चिप हवी होती. पण नुसती चिप पुरत नाही, तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर लागतं आणि ते वापरणारा उपकरण कारखानदार लागतो. म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन चिप कंपनीने १९९९ मध्ये टेलॉजी नेटवर्क्स ही इंटरनेट टेलिफोनीचं सॉफ्टवेअर करणारी कंपनीच विकत घेतली. चिप आणि सॉफ्टवेअर एकत्र विकायचं, म्हणजे फोन आणि मोडेम बनवणाऱ्यांचं काम सोपं. या धंद्यात तेव्हापासून चिप कधी एकटी येत नाही, सोबत भागीदारी घेऊन येते.

मुंबईतून आलेला फोन

आपल्याकडे हे उशिरा आलं. १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईच्या व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण परदेशी कॉलचा धंदाही त्याच कंपनीच्या हातात होता, त्यामुळे इंटरनेटवरून बोलायला परवानगी नव्हती. १ एप्रिल २००२ पासून ती मिळाली, तीही अर्धवट. कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला लावा, चालेल. कॉम्प्युटरवरून भारतातल्या साध्या फोनला लावायचा असेल, तर नाही. म्हणजे अमेरिकेतल्या भावाशी इंटरनेटवरून बोलता येत होतं आणि तिरोड्यातल्या आईशी नाही.

खरा बदल ५ सप्टेंबर २०१६ ला झाला. तुम्ही तेव्हा शाळेत होता. नवी मुंबईतून चालणाऱ्या जिओने २जी आणि ३जी नसलेलं, फक्त ४जीचं नेटवर्क सुरू केलं. त्यातला प्रत्येक कॉल पाकिटांत भरलेलाच असतो. याला आपण व्होएलटीई म्हणतो. आठवतं, सगळे सिम घ्यायला रांगेत उभे होते? पण मोठी अडचण सिमची नव्हती, हँडसेटची होती. लोकांच्या हातात जे फोन होते त्यातल्या बहुतेकांना व्होएलटीई कळतच नव्हतं. आणि बटनाच्या फोनात तर ते नव्हतंच. म्हणजे नेटवर्क गावापर्यंत आलं तरी गावाकडचा फोन त्याच्याशी बोलू शकत नव्हता.

मग चिप कंपन्या आल्या. मार्च २०१७ मध्ये क्वालकॉमने दिल्लीत '२०५ मोबाईल प्लॅटफॉर्म' जाहीर केला. बटनाच्या फोनात बसणारी, पण ४जी, व्होएलटीई आणि वायफायवरचे कॉल जमणारी चिप. चार महिन्यांनी, २१ जुलैला, मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. त्यातल्या काही फोनांत क्वालकॉमची चिप होती आणि काहींत स्प्रेडट्रम या चिनी कंपनीची. पुढे हा फोन दहा कोटींच्या वर लोकांच्या हातात गेल्याचं कंपनीने सांगितलं. जुलै २०२० मध्ये क्वालकॉमने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ७३० कोटी रुपये गुंतवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवाळीला आलेल्या जिओफोन नेक्स्टमध्ये पुन्हा क्वालकॉमची चिप आणि सोबत गूगल.

यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. ज्या शेतमजुराला २०१६ मध्ये ४जी फोन परवडत नव्हता त्याला २०१७ मध्ये तो मिळाला, कारण तीन कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं. हे श्रेय द्यायलाच हवं. सरकारी कंपनीला किंवा दुसऱ्या कुणाला ते त्या वेळी जमलं नव्हतं.

पण याच कराराची दुसरी बाजू बघा. जिओफोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नव्हतं. चिपला चाललं असतं, करारात बसत नव्हतं. समजा एखाद्या टोल्यावर त्या कंपनीचा टॉवर नाही, दुसऱ्याचा आहे. तर फोन असूनही उपयोग नाही. चिप काय करू शकते आणि तुम्हाला काय करू दिलं जातं, यात हा असा फरक पडतो.

वायफाय आहे, कॉल नाही

वायफाय कॉलिंगचं तेच झालं. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीत सुरू केलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर. यात वेगळं ॲप लागत नाही, नंबर तोच राहतो. फोन वायफायवरून कंपनीपर्यंत एक सुरक्षित बोगदा खोदतो आणि कॉल त्यातून जातो. टॉवर डोंगराआड असला तरी फरक पडत नाही. बोदलकसासारख्या गावासाठी याहून सोयीचं काय असणार?

पण सुरू करताना जिओने सांगितलं होतं की ही सोय १५० हून जास्त मॉडेलवर चालेल. बाजारात मॉडेल किती असतात ते तुम्हीच मोजा. प्रत्येक मॉडेलसाठी हँडसेट कंपनी, सिम कंपनी आणि चिप यांची जुळणी करून, तपासून मग ती सेटिंग चालू केली जाते. महागड्या फोनची तपासणी आधी होते, कारण त्याचं गिऱ्हाईक शहरात आहे आणि तक्रार करतं. स्वस्त फोनचा नंबर शेवटी लागतो, कधी लागतही नाही. शहरात, जिथे चार पावलांवर टॉवर आहे, तिथे वायफाय कॉलिंग चालतं. जंगलाकाठी, जिथे त्याची गरज आहे, तिथल्या माणसाच्या फोनात ते नसतं. शेजाऱ्याच्या मुलाचा प्रश्न इथे सुटला.

आता तुमच्यातले काही म्हणतील, "एवढं कशाला, व्हॉट्सॲप कॉल आहे ना!" आहे. मीही रोज करते. पण दोन्हीकडे ॲप लागतं. दवाखान्याच्या लँडलाइनला तो लागत नाही. ११२ किंवा १०८ लाही लागत नाही. शिवाय ४जीच्या नेटवर्कमध्ये व्होएलटीई कॉलच्या पाकिटांना पुढे जायला वेगळी वाट राखलेली असते. व्हॉट्सॲपची पाकिटं रिल्सच्या गर्दीतूनच जातात. गप्पा मारायला ते पुरतं, रात्री अकराला आजीसाठी पुरत नाही.

दुसरं म्हणणं असं की हा बाजार आहे, कंपन्या प्रत्येक फोन कुठवर तपासणार? यात तथ्य आहे. तपासणीला वेळ आणि पैसा लागतो. पण निदान गिऱ्हाईकाला आधी सांगायला काय जातं? खोक्यावर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते ठळक छापता. मग कोणत्या सिमवर व्होएलटीई आणि वायफाय कॉलिंग चालेल ते का नाही छापत?

आणि वायफाय कॉलिंग म्हणजे सगळ्या दुखण्यावर औषध, असंही मी म्हणत नाही. आमच्याकडे लाइन गेली की राऊटर बंद. जुन्या लँडलाइनला एक्सचेंजच्या बॅटरीची वीज मिळायची, घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. वायफायला ते सुख नाही. म्हणून टॉवर लागणारच. सरकारने ते मान्यही केलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने नक्षलग्रस्त भागातल्या २,३४३ ठिकाणी असलेले २जी टॉवर ४जी करायला मंजुरी दिली. त्यात महाराष्ट्रही आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये देशातल्या २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. बीएसएनएलच्या ४जीसाठी मुंबईची टीसीएस, बंगळूरची तेजस नेटवर्क्स आणि सरकारी सी-डॉट एकत्र आले. टॉवर येतायत, येतील. पण मामाच्या हातात २जीचा बटनाचा फोन असेल, तर नव्या ४जी टॉवरचा त्याला काय उपयोग?

घाई का करायची?

कारण जुनी वाट बंद होते आहे. एअरटेलने २०१९ पासून ३जी टप्प्याटप्प्याने बंद केलं. जुलै २०२३ मध्ये जिओने ९९९ रुपयांचा जिओ भारत फोन आणला, तो '२जी-मुक्त भारत' ही घोषणा देत. देशात २५ कोटी लोक अजून २जी फोन वापरतात, असं कंपनीनेच तेव्हा म्हटलं होतं. घोषणा ऐकायला छान आहे. पण त्या २५ कोटींत तुमचे आजोबा आहेत, माझा मामा आहे, तेंदूपत्ता तोडायला जाणारी मावशी आहे. त्यांच्या खिशातला फोन आधी बदलायचा की आधी २जी बंद करायचं, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. तो क्रम चिप कंपनी आणि सिम कंपनी यांच्या बैठकीत ठरला, तर पाळीवर टॉर्च घेऊन जाणारा माणूस त्यांच्या हिशेबात येणार नाही.

म्हणून या पानाचं म्हणणं सरळ आहे. एक, फोनच्या खोक्यावर व्होएलटीई आणि वायफाय कॉलिंग कोणत्या सिमवर चालतं ते छापणं सक्तीचं करा. सिम कंपन्यांनी चालणाऱ्या मॉडेलची यादी मराठीत, दुकानात लावावी. दोन, ज्या फोनची चिप वायफाय कॉलिंग करू शकते त्याला ती सोय द्यायची नसेल, तर का नाही ते कंपनीने सांगावं. मॉडेल स्वस्त आहे, हे कारण चालणार नाही. तीन, कोणत्याही गावातलं २जी बंद करण्याआधी तिथल्या लोकांच्या हातात ४जी आवाज चालणारा फोन आहे का, हे ग्रामपंचायतीच्या पातळीवर मोजा. चार, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर पोहोचलं असेल, तर तिथलं वायफाय रात्रीही चालू ठेवा आणि त्याला बॅटरीची जोड द्या. पंचायतीच्या पायरीवर तरी कॉल लागू दे.

आणि आपण?

सगळं सरकारवर आणि कंपन्यांवर ढकलून आपण रिल बघायला मोकळे, असं नको. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा एक तास काढा. घरातल्या प्रत्येकाचा फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क उघडा, सिम निवडा, व्होएलटीई चालू आहे का बघा. कितीतरी फोनांत ते असतं पण बंद असतं. मग वायफाय कॉलिंग शोधा. दिसलं तर चालू करा आणि वापरायचं कसं ते दाखवा. नसेल तर सॉफ्टवेअर अपडेट करून पुन्हा बघा. तरीही नसेल, तर सिम कंपनीला आणि फोन कंपनीला मॉडेलचं नाव लिहून विचारा. एकाच्या तक्रारीने काही होत नाही, हे खरंय. एका कॉलेजच्या दोनशे पोरांनी एकाच मॉडेलबद्दल विचारलं, तर कुणालातरी उत्तर द्यावंच लागतं.

घरात नवा फोन घ्यायचा असेल तर दुकानात जाताना तुम्ही सोबत जा. कॅमेरा नंतर बघा. आधी विचारा, या सिमवर व्होएलटीई चालेल का, वायफाय कॉलिंग चालेल का? दुकानदाराला सांगता आलं नाही तर तिथेच सिम टाकून लावून बघा.

आणि इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तेच तेच विषय घेता. त्यापेक्षा आपल्या तालुक्यातल्या दहा गावांत कोणत्या मॉडेलवर, कोणत्या सिमवर कॉल लागतो आणि कुठे तुटतो, त्याचा नकाशा करा. मेकॅनिकलवाला बॅटरीवर चालणाऱ्या राऊटरची पेटी बनवू शकतो. आमच्यासारखे मास कॉमवाले ते छापू शकतात. उद्या तुमच्यातलं कुणी चिप कंपनीत लागेल, कुणी सिम कंपनीत. त्या बैठकीत बसाल तेव्हा तुमच्याकडे हा नकाशा असू द्या.

परवा मामाशी बोलणं झालं. तो पाळीवरूनच बोलत होता. मी त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात येते, तुझ्यासाठी ४जीचा बटनाचा फोन आणते. तो म्हणाला, "आण, पण आधी बघून घेजो, अठी चालते का थे." मी दुकानदाराला विचारलंय. त्याने अजून सांगितलेलं नाही.